दोन वल्ह्यांची नाव

बाळगोपाळांनो, आणि थोरामोठ्यांनो, नद्यांवर अजून पूल नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे.

एका मोठ्या नदीकाठी सगुणा नावाची नावाड्याची मुलगी राहत होती. तिच्या दंडात विलक्षण बळ होते. राजा दरवर्षी नावांची शर्यत लावी. एका नावेत दोघे, प्रत्येकाच्या हाती एक वल्हे. सगुणाने जोडीला आपली मैत्रीण भागी घेतली.

पहिल्याच वर्षी सगुणाने इतक्या जोराने वल्हे मारले की नाव भागीच्या बाजूला वळली आणि थेट लव्हाळ्यात घुसली. काठावरचे लोक पोट धरधरून हसले.

भागी रडवेली झाली. "सगुणे, तू दुसरी जोडीदारीण बघ. माझ्यात तुझ्याएवढं बळ नाही गं."

"चूक माझी आहे," सगुणा म्हणाली. "मी एकटीच धावत सुटले. उद्यापासून तुझ्या वल्ह्याकडे बघून माझं वल्हं पडेल."

दोघी रोज नदीत उतरू लागल्या. सगुणा हात आवरायला शिकली, भागी हात वाढवायला. पुढच्या वर्षी त्या जिंकल्या. मग जिंकतच राहिल्या. त्यांची नाव दिसली की गाव घाटावर लोटे.

एकदा शेजारच्या राजाने आव्हान दिले. त्याचे दोन नावाडी पहिलवानांसारखे धिप्पाड होते. आपला राजा घाबरला.

"सगुणा, भागीला उतरव. माझा सर्वांत बळकट नावाडी घे. राज्याच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

"महाराज, भागीशिवाय माझी नाव सुटणार नाही."

"हरलीस तर पुन्हा वल्ह्याला हात लावता येणार नाही."

"कबूल," सगुणा म्हणाली. सगुणाने भागीचे हात क्षणभर घट्ट धरले आणि नाव लोटली.

पहिलवान बाणासारखे पुढे गेले. पण मधल्या धारेत समोरून वारा सुटला. दोघेही आपापल्या जोराने ओढू लागले, एकमेकांवर ओरडू लागले, आणि त्यांची नाव गरगरली. या दोघी मात्र एका लयीत वल्ही टाकत शेजारून निघून गेल्या.

राजा गुडघाभर पाण्यात धावत आला. "मी बळ मोजत बसलो," तो म्हणाला, "मेळ पाहिलाच नाही!"

त्या दिवसापासून दवंडीवाला दोघींची नावे एकत्रच पुकारू लागला. ती ऐकताना भागीची मान सगुणाइतकीच ताठ असे.

तात्पर्य : बळाने नाव हलते, पण मेळाने पैलतीर गाठते.