झरीआईच्या हातातली आकडी

वेळण्याच्या झरीआईच्या देवळात नवा पाहुणा आला की त्याची नजर आधी देवीच्या उजव्या हाताकडे जाते. तिथे तलवार नाही, त्रिशूळ नाही. हातभर लांबीची एक लोखंडी आकडी आहे, मध्येच बाजूला वळलेली आणि टोकाशी पुन्हा सरळीत आलेली. कोणी तिला अंकुश म्हणतो, कोणी मासे धरायचा गळ. एका शहाण्याने तर हे राक्षसाची आतडी ओढायचे हत्यार आहे, असे आपल्या बायकोला छातीठोक सांगितले होते. गुरव कोणालाच मध्ये थांबवत नाहीत. पाहुण्याचे ज्ञान संपले की त्याला तळ्याच्या पायरीवर बसवतात, हातावर गूळखोबरे ठेवतात आणि मग खरे काय ते सांगतात.

ती आकडी लाकूड आतून पोखरायची आहे. वेळणे हे कातारी लोकांचे गाव. चरकावर लाकूड फिरवायचे, त्याला हत्यार लावून भांडी, खेळणी, पाळण्याचे खूर कातायचे, हा इथला पिढीजात धंदा. बाकीची हत्यारे कातारी खुशाल बाजारातून आणतो. पण पोखरायची आकडी विकत घ्यायची नाही आणि उसनी मागायची नाही. ती ज्याची त्याने घडवायची, आणि ऐरणीवरचा पहिला घाव घरातल्या बाईने घालायचा. हा रिवाज येसूने घालून दिला, असे सांगतात.

येसू ही धाकू कातार्‍याची बायको. त्या काळी चरक दोघांनी चालवायचा. एकाने दोरी मागेपुढे ओढून लाकूड फिरवायचे आणि दुसर्‍याने हत्यार धरायचे. हत्यार धरणार्‍याचे नाव होई, दोरी ओढणार्‍याचे खांदे दुखत. पंधरा वर्षे येसूने दोरी ओढली होती. धाकूचे हत्यार लाकडात नीट चालले आहे की अडते आहे, हे तिला दोरीतून कळे, आणि धाकूच्या आधी कळे. पण तिला कोणी विचारले नव्हते, म्हणून तिने सांगितले नव्हते.

एका नारळी पौर्णिमेला त्या मुलखाचा देसाई बारा कुर्‍हाडी आणि तेवढीच माणसे घेऊन गावात आला. त्याला गलबते बांधायची होती आणि देवळामागच्या राईतली झाडे त्याच्या डोळ्यांत भरली होती. राई गेली तर तिच्या पायथ्याचा झरा जाणार, आणि झरा गेला तर गाव उठणार, हे सगळ्यांना दिसत होते. गावकरी पाया पडले. आमच्या हातावर देवीचा हात आहे, तिची राई तोडू नका, म्हणाले. देसाई तसा दुष्ट नव्हता, पण त्याला थट्टेची खोड होती.

"देवीचा हात आहे ना? मग एकाच लाकडाचा, बिनसांध्याचा कलश करून दाखवा," तो म्हणाला. "पोटात पाच शेर पाणी मावावे, तोंडातून माझी मूठ जाऊ नये, आणि तळ्यात सोडला तर तो उभा तरंगावा. कलंडला तर राई माझी. दसर्‍याला येतो."

बारा कुर्‍हाडी त्याने देवळातच ठेवल्या, आठवण राहावी म्हणून.

ही थट्टा किती कठीण होती ते कातार्‍यालाच कळेल. कलश उभा तरंगायचा तर त्याची भिंत चहूबाजूंनी सारखी हवी. एक अंग जरासे जाड राहिले की तो त्या अंगावर लवंडणार. आणि अरुंद तोंडातून सरळ हत्यार घातले तर ते सरळच जाणार; खांद्याखालचे लाकूड तसेच राहणार. धाकूने भिवा लोहाराकडून वाकडी आकडी करून घेतली. पहिला कलश निम्मा पोखरला आणि आकडी लाकडात अडकून हातात गर्रकन फिरली. कलश फुटला. भिवाने आणखी जाड आकडी केली, दुसरा कलश फुटला. मग आणखी जाड केली. तिसर्‍या खेपेला आकडीने कलश फोडला तो फोडलाच, वर धाकूचे मनगटही मोडले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली ती गत होती.

"माझो हात मोडलो, येसू. आता राय जातली," धाकू म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. दसर्‍याला तेव्हा वीस दिवस राहिले होते. शिवणीचा सुका ओंडका एकच उरला होता, आणि ओल्या लाकडाचा कलश तडकल्याशिवाय राहत नाही.

येसू दुसर्‍या दिवशी सकाळी झर्‍यावर गेली. तिथला दगड निसरडा, म्हणून बायका लांब काठीच्या वाकड्या टोकाला कळशी अडकवून धारेखाली धरत. येसूची काठी मोडली होती. तिने राईत पडलेली एक वाकडी फांदी उचलली. तिचे टोक एका बाजूला गेलेले होते. कळशी भरत आली तशी फांदी हातात फिरली आणि पाणी सांडले. पुन्हा धरली, पुन्हा सांडले. वैतागून तिने ती फेकली आणि दुसरी उचलली. हीही वाकडीच होती, पण बाजूला जाऊन टोकाशी परत मुठीच्या सरळीत आली होती. कळशी काठोकाठ भरली, हात भरून आला, पण फांदी तसूभर फिरली नाही. येसू कळशी तशीच धरून हसायला लागली. बाकीच्या बायकांना वाटले, नवर्‍याच्या काळजीने हिचे डोके फिरले.

पंधरा वर्षे दोरीतून जे कळत होते ते तिला आता डोळ्यांनी दिसले होते. दोष वाकड्या लोखंडाचा नव्हता. टोक मुठीच्या सरळीतून सुटले होते, म्हणून लाकूड त्याला फिरवत होते. जाड लोखंड फक्त जास्त जोराने फिरत होते.

ती भिवाकडे गेली. भिवाने तिला उंबर्‍यावरच थांबवले.

"ऐरणीक बायलमाणसाचो हात लागलो तर लोखंड रुसता, येसू."

"तुझ्या हातान तीनदा रुसला, भिवादा," येसू म्हणाली. "चवथ्या खेपेक माझ्या हातान रुसांदे."

भिवाने ऐरण दिली नाही. मग तिने ओढ्यातला काळा दगड अंगणात लोळवत आणला, धाकूला भात्याशी बसवले आणि भिवाने केलेली जाड आकडी निखार्‍यांत घातली. हातोडा तिने कधी धरला नव्हता. पहिल्या दिवशी बोटे चेचली, तिसर्‍या दिवशी हवा तसा वाक आला. आनंदाच्या भरात तिने लालबुंद आकडी अख्खी पाण्यात बुडवली आणि ओल्या ओंडक्यावर लावून पाहिली. आकडीची मान पापडासारखी मोडली. येसू तिथेच बसली आणि पहिल्यांदा रडली.

भिवा कुंपणापलीकडे उभा होता. रोज काही ना काही निमित्त काढून तो तिथून जात होता, असे म्हणतात. चुकीच्या हाताने चाललेले काम बघवत नाही, तसे बरोबर चाललेले कामही लोहाराला बिघडताना बघवत नाही.

"टोकाक तेवढा पाणी दी," तो तिकडूनच म्हणाला. "मानेक देऊ नको. मान जरा नरमच बरी."

दुसरी आकडी तशी झाली. येसूने ती मुसळाच्या दांड्यात बसवली. दांडा लांब होता, काखेत घट्ट दाबून धरता येत होता. ओल्या ओंडक्यावर ती लोण्यातून जावी तशी गेली. मग सुका ओंडका चरकावर चढला. दोरी ओढायला मात्र कोणी नव्हते.

"हात तुमचो मोडलो, दोरी तुटाक नाय," येसू नवर्‍याला म्हणाली. "तुमी दोरी ओढा, मी हत्यार धरतंय."

धाकूने दोरीचे एक टोक मोडक्या हाताच्या कोपराला बांधून घेतले आणि म्हणाला, "धर तर. पण घाय करू नको."

नऊ दिवस ते काम चालले. कलशाच्या आत काही दिसत नाही, म्हणून येसू डोळे मिटून आवाजावर चालली. भिंत जाड असली की लाकूड घोगरे बोलायचे, पातळ झाली की खुले. दोरी थरथरली की धाकू थांब म्हणायचा. पंधरा वर्षांत बायकोला काय काय कळत होते ते धाकूला त्या नऊ दिवसांत कळले, म्हणे.

दसर्‍याला देसाई आला. अख्खे गाव तळ्यावर होते. त्याने कलशाचा सांधा शोधला, सापडला नाही. मूठ घालून पाहिली, गेली नाही. पाच शेर पाणी ओतून घेतले, ते मावले. मग रिकामा कलश पाण्यात सोडला. कलश एका अंगाला झुकला. कोणीतरी हुंदका दिला. मग तो दुसर्‍या अंगाला झुकला, थोडा डुलला आणि पाण्यावर उभा राहिला. झर्‍याच्या ओघाने तो तळ्याच्या मध्यावर गेला तरी उभाच होता.

"कोणी केला?" देसायाने विचारले. सगळे धाकूकडे बघू लागले. धाकूने झोळीतला हात वर काढून दाखवला आणि म्हणाला, "माझो हात खंय असा, सायबानू? ह्या हिणा केला. मी दोरी ओढलंय."

देसाई शब्दाला जागला. बारा कुर्‍हाडी त्याने येसूच्या पुढ्यात ठेवल्या आणि काय हवे ते कर म्हणाला. येसूने भिवाकडे पाहिले. भिवा घरी गेला आणि ऐरण डोक्यावर घेऊन तळ्यावर आला. त्याने सांडशी धरली, येसूने घाव घातला. बारा कुर्‍हाडी ठोकून गावातल्या बारा घरांसाठी बारा आकड्या झाल्या, आणि येसूची स्वतःची देवीच्या हातात गेली.

आजही खंडेनवमीला वेळण्यात घरोघरी बाईचा पहिला घाव पडतो आणि त्या दिवशी दोरी पुरुष ओढतात. दसर्‍याला कलश तळ्यात सोडतात, तो एकदा इकडे झुकतो, एकदा तिकडे झुकतो आणि उभा राहतो. कोणी आडवळणाने बोलू लागला तर म्हातार्‍या सांगतात, वाक हवा तेवढा घे, पण टोक मुठीच्या सरळीत आण. राई तशीच आहे, कातारी तिच्यात आपसूक पडलेले झाडच उचलतात. आणि पाहुण्यांपैकी कोणी सहज कुर्‍हाड मागितली, तर गुरव हसून शेजारच्या गावाची वाट दाखवतात. वेळण्यात त्या दसर्‍यापासून कुर्‍हाड नाही.