मुदत संपलेला दाखला

सावळेकर बाईंना शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. पेन्शन चालू राहायची तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागे. यंदा कचेरीतल्या बागवे साहेबांनी फर्मान काढलं, की अर्ज नव्या वेबसाइटवरच भरायचा.

बाई कचेरीतल्या संगणकासमोर बसल्या. साइट उघडायला गेल्या, तर पडद्यावर लाल इशारा आला: 'या साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. तुमची माहिती चोरीला जाऊ शकते.' बाईंनी हात आवरला.

"घाबरता काय?" साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "साइट आमचीच आहे, मी सांगतोय ना! पुढे जा. नाहीतर पेन्शन थांबेल."

मागे रांगेत उभी असलेली म्हातारी मंडळी माना उंचावून पाहू लागली. बाईंचा आवाज वर्गातल्यासारखाच शांत होता.

"साहेब, गेल्या वर्षी माझ्या दाखल्याची मुदत टळून चार दिवस झाले होते. मी तुमच्यासमोर धडधाकट उभी होते. तुम्ही म्हणालात, 'तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय, पण कागद तसं म्हणत नाही.' आज मीही तेच म्हणते. साइट तुमची आहे असं तुम्ही सांगताय, पण तिचा दाखला तसं म्हणत नाही."

रांगेत खसखस पिकली. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि कपाटातून कागदी अर्जांचा गठ्ठा काढला. साइटचं प्रमाणपत्र नवं होईपर्यंत सगळ्यांचे अर्ज कागदावरच घेतले गेले.

पहिला अर्ज सावळेकर बाईंनी भरला, आणि त्याची पोच मागून घेतली.