निळ्यातला निळा

“...मग बुवा, यातली कोणती?”

बुवा जेवायला बसले होते. भाकरी कुस्करून आमटीत कालवत होते. त्यांनी नुसती मान वर करून पाहिलं.

केसरकरभाऊजींनी मठाच्या ओटीवर कागदाच्या पट्ट्या मांडल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर शाईचा एक फराटा, आणि खाली त्याच शाईत लिहिलेली एक ओळ. आजऱ्याच्या हायस्कुलात जन्मभर चित्रकला शिकवलेला माणूस. ओळी कशा, दोरी लावून काढाव्यात तशा.

शेजारच्या कुमुदवहिनी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणे मठात नारळ द्यायला आल्या होत्या. नारळ देऊन झाला होता, पण वहिनी उठत नव्हत्या.

“हा कोणता?” बुवांनी भाकरीच्या हातानं लांबूनच दाखवलं.

“निळा.”

“आणि तो?”

“तोही निळाच. पण पहिल्यात जरा तांबूस झाक आहे बघा. उन्हात धरली की कळते. आणि ही पट्टी... ही ओली असताना मोरपंखी दिसते, वाळली की गंभीर होते.”

“गंभीर होते?”

“म्हणजे भारदस्त.”

“बुवा, दिवाळीपासून हेच चाललंय,” वहिनींना राहवलं नाही. “आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून यांचं टेबल दिसतं. दिसतं म्हणजे, मी काही मुद्दाम बघत नाही. दौत उघड, कापसाची काडी बुडव, फराटा मार, पेन धू, पुन्हा दुसरी दौत. मोरीच्या फरशीला डाग पडलेत. शाल्मलीचं लग्न तोंडावर आलं, मांडववाला दोनदा हेलपाटा घालून गेला, आणि मुलीचा बाप निळ्यातला निळा निवडतोय.”

“वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही.”

“नाहीच कळत. म्हणून तर इथं आले.”

बुवा हसले. बोट चाटून म्हणाले, “रघुवीर, लिहायचंय काय?”

भाऊजी पट्ट्या सरळ करू लागले.

“अक्कांना बोलावणं,” वहिनी म्हणाल्या. “थोरली बहीण यांची. गडहिंग्लजला असते.”

“मग जाऊन सांग.”

भाऊजींनी नकारार्थी मान हलवली.

“फोन कर.”

“ती माझा फोन घेत नाही,” भाऊजी हळू आवाजात म्हणाले. “आमच्या वास्तुशांतीपासून घेत नाही. म्हणून पत्र. एकच पत्र लिहायचं, बुवा, पण असं की ते हातात घेतल्यावर तिला... ते साधं असून चालणार नाही. शाल्मलीच्या बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं ते अक्कानं. आता आत्याच मांडवात नसेल तर शाल्मली माझ्याशी बोलायची नाही. तिनं तसं सांगितलंच आहे.”

“वास्तुशांतीला काय झालं?”

“काही विशेष नाही. जरा शब्दाला शब्द लागला.”

“शब्दाला शब्द कुठला!” वहिनी पुढं सरकल्या. “मी पंगतीत वाढत होते, बुवा. अक्का बिचाऱ्या एकच वाक्य बोलल्या. हेडमास्तरांना म्हणाल्या, आमच्या बाबूला जिलबी फार आवडते, लहानपणी चड्डीच्या खिशात लपवायचा नि मुंग्या लागायच्या. सगळी पंगत हसली. हेडमास्तरही हसले. आणि हे...”

“वहिनी, पुरे.”

“तुम्ही सांगता का मी सांगू?”

बुवांनी ताटातला हात थांबवला होता.

भाऊजी पट्ट्यांकडे बघत म्हणाले, “मी म्हटलं... तू पाहुणी आहेस, पाहुण्यासारखी बस.”

अंगणातल्या फणसाखाली मठाची गाय मान हलवत होती. तिच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

“मग?” बुवा म्हणाले.

“मग ती बसली. खुर्चीवर. पाहुण्यासारखी. संध्याकाळपर्यंत.”

आईच्या मागं अक्कानंच त्यांना वाढवलेलं. हे वहिनींना ठाऊक होतं, बुवांनाही ठाऊक होतं. त्यामुळं ते कुणी बोललं नाही.

“मजकूर ठरलाय?” बुवांनी विचारलं.

भाऊजींचा चेहरा खुलला. या बाबतीत त्यांची तयारी होती. त्यांनी घसा साफ केला.

“तीर्थरूप सौ. अक्का हिस शिरसाष्टांग नमस्कार. आमची कन्या चि. सौ. कां. शाल्मली हिचा शुभविवाह योजिला आहे. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही विनंती. आपला, रघुवीर.”

“अहो, हे तर छापलेल्या पत्रिकेत आहे!” वहिनी म्हणाल्या. “तेवढं हातानं लिहायला दिवाळीपासून शाया घोळवताय?”

“भाषा शुद्ध नको? तिनं मला बाराखडी शिकवली. एक वेलांटी चुकली तरी तिला दिसेल.”

बुवांनी उरलेली आमटी पिऊन टाकली, ताट उचललं आणि पायरीशी जाऊन हात धुतले. चूळ भरली.

परत आले ते ओल्या हातानं. पट्ट्यांच्या समोर उभे राहिले.

आणि दोन्ही हात झटकले.

“अहो बुवा!”

भाऊजी जवळजवळ ओरडलेच. पट्ट्यांवर थेंबच थेंब. तांबूस झाकेचा निळा पसरून शेजारच्या ओळीत घुसला. गंभीर होणारा मोरपंखी पुन्हा मोरपंखी झाला आणि ओघळला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. खिडकीतून कितीही नावं ठेवली असली तरी त्या पट्ट्या त्यांनी रोज बघितल्या होत्या. त्यांनाही चुकचुकल्यासारखं झालं.

भाऊजी गुडघ्यावर बसून एकेक पट्टी उचलून बघू लागले. बघता बघता त्यांचा राग उतरला.

“बुवा... तुम्ही परीक्षा घेतलीत!” त्यांनी एक पट्टी उंच धरली. “ही बघा. निळी-काळी. एक काना हललेला नाही. मला हीच वाटत होती. पाणी पडो, काही होवो, अक्षर जागच्या जागी. टपालात भिजलं तरी चिंता नाही.”

“वैशाखात कुठलं भिजतंय!” वहिनी पुटपुटल्या.

बुवा खाली वाकले. सगळ्यात वाईट अवस्था झालेली पट्टी त्यांनी उचलली. तिच्यावर ओळ अशी उरलीच नव्हती. फिकट आभाळासारखा एक डाग होता, आणि डागात कुठंतरी अर्धा उकार.

“ही कोणती?”

“ती होय? ती साधी. शाळेतली पोरं वापरतात. तुलनेला हवी म्हणून ठेवली होती. तिचा काही भरवसा नाही, बुवा. एक थेंब पडला की संपलं.”

“ही घे.”

“...ही?”

“हीच.”

“पण बुवा, ही टिकत नाही.”

“हो.”

“अक्काला मी असलं पत्र कसं पाठवू? लिहिताना चुकून काही सांडलं, तर सगळी अक्षरं फुटतील. ती म्हणेल, बाबूला अजून धड...”

भाऊजी थांबले. ‘बाबू’ हा शब्द त्यांच्या तोंडून कितीतरी वर्षांत निघाला नव्हता. वहिनींनी एकदम दुसरीकडं बघितलं. सगळ्या आळीच्या खबरा ठेवणारी बाई, पण त्या क्षणी त्यांना त्या माणसाच्या तोंडाकडं बघवेना.



मग बुवांनी ती पट्टी भाऊजींच्या तळहातावर ठेवली. तिची शाई त्यांच्या हाताला लागली.

“मजकूर?” भाऊजींनी विचारलं. “मजकूर तोच ठेवू?”

बुवा वामकुक्षीला आत निघाले होते. उंबऱ्यावर थांबले. मागं येऊन त्यांनी भाऊजींच्या डोक्यावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवावा तसा.

“मजकुराचं बघू नकोस,” ते म्हणाले. “लिहायला बसशील तेव्हा जवळ रुमाल ठेवू नकोस, एवढंच बघ.”