गोजराक्का आणि चालतं बेट

एक होतं बंदर. तिथल्या राजाच्या लेकीची, मैनावतीची, झोपच हरवली. डोळे टक्क उघडे! वाळत चालली बिचारी. वैद्य म्हणाले, "निजफूल हुंगलं तरच वाचेल." पण ते उगवायचं चालत्या बेटावर. चालतं बेट, बरं का! आज इथं, उद्या तिथं.

मग राजानं एक तांडेल पाठवला. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. "मला सगळं येतं," म्हणाला, नि गलबत खडकावर घातलं. दुसराही तसाच. तो वाट चुकून परत आला.

मग राजानं मुदपाकखान्यातल्या गोजराक्काला बोलावलं.

"महाराज, मला समुद्रातलं ओ की ठो कळत नाही!"

"खलाशांना कळतं. पण ते एकमेकांचं ऐकत नाहीत. तू एवढे आचारी नांदवतेस. तूच जा."

गोजराक्का पदर खोचून गलबतावर चढली. खलाशांना म्हणाली, "बाबांनो, मी विचारीन, तुम्ही सांगा. ठरवीन मी. चुकलं तर बोल मला लावा."

मग लागले खडक. तिनं सुकाणूवाल्या धाकूला विचारलं, "दादा, काय दिसतं?"

"डावीकडं पाणी काळं आहे. म्हणजे खोल."

गलबत डावीकडून अलगद सुटलं.

मग आलं वादळ. धाकू म्हणाला, "शिडं तशीच ठेवून पळू या." शिडं सांभाळणारे हसनचाचा म्हणाले, "शिडं उतरवा." दोघांची जुंपली. गोजराक्कानं धाकूचं ऐकलं, आणि मोठं शीड टर्रकन फाटलं!



"चूक माझी," ती म्हणाली. "चाचा, आता तुम्ही सांगाल तसं."

उरलेली शिडं उतरली. वादळ वरून निघून गेलं. मग धाकू आपणहून सुई-दोरा घेऊन चाचाशेजारी शीड शिवायला बसला.

मग दिसलं बेट! जवळ जावं तर ते पुढं पळे. धाकू म्हणाला, "दोर टाकू?" चाचा म्हणाले, "जाळं?" खरं तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग त्यालाच विचारू," गोजराक्का म्हणाली. तिनं हाक मारली, "अहो बेटबाबा, जरा थांबता का? आमची पोर आजारी आहे."

बेटानं मान वर काढली. ते होतं भलंमोठं कासव!

"थांबतो की. आजवर कुणी विचारलंच नव्हतं मला."

मग फूल खुडून गलबत बंदरात परत आलं. मैनावतीनं ते हुंगलं, हा मोठ्ठा आळस दिला आणि बापाच्या मांडीवरच निजली. राजा किती वेळ हललाच नाही.

गोजराक्का पुढं तांडेलच झाली. चाचांकडून गाठी मारायला शिकली, आणि सगळी मंडळी सुखात राहिली.

चला, मिटा डोळे. चिमे, पाय घे पांघरुणात.