मधला खांब

“पण बाबा, ही चावडी बांधली कुणी?”

मार्तंड सुताराचा सकाळपासून हाच घोष. गैबीबाबा चावडीच्या जोत्यावर बसून शेंगा फोडत होते. टरफलं पडत होती, उत्तर काही पडत नव्हतं.

मार्तंड बाबांचा चेला. हातात कसब, तशी डोक्यात हवाही. चावडीची कौलं त्यानं नवी घातली, तुळया सरळ केल्या. आता नावाचा दगड बसवायचा. वर बांधणाऱ्याचं नाव, खाली दुरुस्त करणाऱ्याचं. वरचं मिळेना, म्हणून खालचं अडलेलं.

“पाटील म्हणतात, आमच्या खापरपणजोबांनी बांधली. कुंभार म्हणतात, कौलं आमची म्हणजे चावडी आमची. मुलाणी म्हणतात, जोत्याचा दगड आम्ही वाहिला. खरं कुणाचं?”

“सगळ्यांचं.”

“दगडावर मावायचं नाही, बाबा!”

“बरं... तो मधला खांब का रे सोडलास?”

“तो काढायचाच आहे. दोन्ही अंगांनी झिजून मुंगळ्याच्या कमरेसारखा झालाय.”

झिजणारच की. बोरटेक गावची रीतच तशी. दोघांचं भांडण चावडीवर आलं, की त्या खांबाला दोन्हीकडून पाठी टेकून बसायचं. एकाचं तोंड उगवतीला, दुसऱ्याचं मावळतीला. मिटेस्तोवर उठायचं नाही.

“टेक पाठ,” म्हणत बाबा पलीकडून टेकले.

“आपलं कुठं भांडण आहे?”

“तुला नाव हवंय. माझ्याकडे नाही. मग?”

मार्तंड फणकाऱ्यानं बसला. झिजल्या लाकडानं त्याची पाठ अशी अलगद घेतली, जणू मापच घेतलं होतं...

तेवढ्यात येसूआजी घागर घेऊन आली.

“अगं बाई, गुरू-चेल्याचं फाटलं वाटतं! जपून हो मार्तंडा. माझा बाप न् सासरा तिथंच बांधासाठी भांडायला बसले, न् उठले ते माझं लगीन ठरवून. अजून भोगतेय!”

बाबांना हसू फुटलं. ते हसू लाकडातून मार्तंडाच्या पाठीत शिरलं, पाठीतून पोटात उतरलं. नाही नाही म्हणता तोही गदगदू लागला. तो हसला की बाबांना नवी उबळ.

बऱ्याच वेळानं डोळे पुसत मार्तंड म्हणाला, “राहू दे हा खांब. पण बांधली कुणी, तेवढं तरी...”

तो उठू लागला, तशी पलीकडून पाठ रेटली गेली.

“हलू नकोस. बांधकाम चालू आहे.”