ढोलाजीची शेणाची गोळी

शेणाला नाक मुरडणाऱ्यांनी आत्ताच उठावं. ही गोष्ट शेणाचीच आहे.

एक होता शेणकिडा. हरभऱ्याएवढा. नाव मात्र ढोलाजीराव! त्यानं शेणाची गोळी केली. गोल गोल, गरम गरम. दुपारचं जेवण! मागच्या पायांनी ढकलत निघाला. गरगर गरगर.

अंगणात चिंगूमावशी गोवऱ्या थापत होती. तिनं न बघताच गोळी उचलली. थप्! गोळी गेली गोवरीत, गोवरी गेली भिंतीवर.

ढोलाजी चिडला. सहा पाय, त्यातले दोन कमरेवर!

"चिंगूमावशी, चिंगूमावशी, माझी गोळी दे."

"अगंबाई, तुझी होती? ती तर चिकटली रे. गाईनं शेणाचा पो टाकला की देते."

ढोलाजी निघाला. तुरुतुरु तुरुतुरु.

"हरणीगाई, हरणीगाई, पो टाक.
मावशी गोळी देईना,
ढोलाजीचं पोट भरेना!"

"पोटात जाईल तर बाहेर येईल ना? मला गवत दे."

तुरुतुरु तुरुतुरु.

"गवता, गवता, वाढ.
गाय पो टाकेना,
मावशी गोळी देईना,
ढोलाजीचं पोट भरेना!"

"कसा वाढू? घसा कोरडा पडलाय. मला पाणी दे."

तुरुतुरु तुरुतुरु.

"हौदातल्या पाण्या, पाण्या, ये.
गवत वाढेना,
गाय पो टाकेना,
मावशी गोळी देईना,
ढोलाजीचं पोट भरेना!"

"कसं येऊ? हौदाच्या भोकात बेडूक बसलाय. जाड्या कुठला! त्याला हलव."

तुरुतुरु तुरुतुरु.

"बेडूकदादा, बेडूकदादा, हल.
पाणी येईना,
गवत वाढेना,
गाय पो टाकेना,
मावशी गोळी देईना,
ढोलाजीचं पोट भरेना!"

"डराँव! रिकाम्या पोटी कोण हलतं? मला माशी दे."

तुरुतुरु तुरुतुरु.

"माशीबाई, माशीबाई, बेडकापुढे उड.
बेडूक हलेना,
पाणी येईना,
गवत वाढेना,
गाय पो टाकेना,
मावशी गोळी देईना,
ढोलाजीचं पोट भरेना!"

"फुकट कोण उडतं? आधी शीचा वास दे."

घ्या! शी असती तर एवढी पायपीट कशाला? ढोलाजी बेडकापुढे जाऊन बसला आणि त्यानं भोकाड पसरलं. रडता रडता पोटात कळ आली. अरे देवा! धावपळीत सकाळचं राहूनच गेलं होतं.

ढोलाजी कुंथला. पुर्र! तिळाएवढी शी.

"आहाहा, काय वास!" भुणभुण करत माशी आली.

बेडकानं आ केला. मारली उडी. टुण्णकन! माशी निसटली. बेडकाच्या तोंडात नुसती हवा.

पण भोक मोकळं झालं!

पाणी आलं, खळखळ. ढोलाजीचं ढुंगणही धुऊन निघालं.
गवत वाढलं, सळसळ.
गाय चरली, करकर. मग बसून रवंथ. चावतेय, चावतेय. काही घाई नाही बाईंना!

ढोलाजी शेपटीखाली जाऊन उभा राहिला.

शेपटी वर झाली.

"अरे, सरक मेल्या!" मावशी ओरडली.

थप्पक! पडला पो. ढोलाजी दिसेचना. मावशी घाबरली. धावत आली.

"ढोलाजी, बाळा, आहेस ना रे?"

पोच्या आतून आवाज आला,

"मावशी, मधे बोलू नकोस. जेवतोय!"