लिंपलेलं दार

माणसांच्या घरांना कुलपं नव्हती तेव्हाची गोष्ट. सोनाई मुंगी वारुळाचं दार राखायची. मिशीला मिशी लावून ओळख पटली, की मगच ती कुणालाही आत सोडायची.

एकदा चिलटांचे थवेच्या थवे आले. त्यांना आत काही नको होतं, नुसती दारावर धडकायची आणि ओरडायची, “मी तुझी बहीण! आत घे!” एकेकाला तपासता तपासता सोनाई मेटाकुटीला आली. शेवटी तिने दार मातीने लिंपून टाकलं.

बाहेरून आवाज आला, “ताई, मी चिमा! मागे सरडा लागलाय गं!”

“सगळे हेच म्हणतात,” सोनाई करवादली.

संध्याकाळी सगळं शांत झाल्यावर तिने माती फोडली. चिलटं गेली होती. ओल्या लिंपणात एक तुटकी मिशी तेवढी रुतली होती. सोनाईने सवयीने आपली मिशी तिला लावली.

ओळख पटली.